उजवीकडे वळायची परवानगी

३ नोव्हेंबर, सोमवार

अपेक्षा घरी आली. न कळवता आली, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी दार उघडतानाच ओळखलं. पायलट व्हायला गेलेली पोर, दिवाळी संपून गेल्यावर, कसली सुट्टी नसताना पाठीला सॅक लावून कुसगावात दारात उभी राहते, तेव्हा बापाने काय समजायचं? मी चार प्रश्न एकदम विचारले. तिच्या आईने, म्हणजे रुपालीने, एकही विचारला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवतेय, मुलांचे चेहरे तिला वाचता येतात. तिने तवा ठेवला, भाकरी टाकली आणि सुकट परतायला घेतली.

जेवणानंतर कळलं. पोरगी चेकमध्ये नापास झाली. एकटीने विमान घेऊन दूरच्या विमानतळावर जाऊन यायचं, त्याला सोलो क्रॉस कंट्री म्हणतात. त्याआधी मोठे सर शेजारी बसून परीक्षा घेतात, ती ही चेक. उड्डाण छान झालं आणि पुढच्या मिनिटाला सगळं मुसळ केरात. टॉवरने, म्हणजे विमानतळावरून रेडिओवर सूचना देणाऱ्या माणसाने, उजवीकडे वळायला सांगितलं नव्हतं, ही वळली. त्याच बाजूने दुसरं विमान येत होतं. सरांनी विमान स्वतःच्या ताब्यात घेतलं, वळवलं आणि खाली आणलं. पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत म्हणे. ते तिला जास्त लागलंय.

सतरा तारखेला पुन्हा चेक. त्यातही गेली तर नाव समितीपुढे जाणार, आणि समितीपुढे जाऊन परत विमानात बसलेलं कोणी तिने अजून पाहिलेलं नाही.

चौतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो. दर पाळीला स्टेशनची डायरी लिहायची आणि त्यात खोटं लिहायचं नाही, ही सवय. म्हणून लिहितो की मला वाईट वाटलं, आणि तिच्या खोलीत दिवा लागलेला बघून फार बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पोह्यांच्या वाट्या टेबलावर मांडून तिने मला प्रकरण समजावलं. मधली ताटली म्हणजे विमानतळ. त्याच्याभोवती विमानं ठराविक चौकोनात फिरतात, त्याला सर्किट म्हणायचं. तिच्याकडे ते डाव्या हाताचं आहे. उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि उतरायचं. आता ज्याला हा चौकोन सोडून बाहेर पडायचंय, त्याने उडायच्या आधीच टॉवरला दिशा सांगायची. सर्किटच्या उलट्या बाजूला जायचं असेल, म्हणजे तिच्याकडे उजवीकडे, तर टॉवरने तोंडाने हो म्हणायला पाहिजे. नुसतं ‘उडा’ म्हणाला म्हणजे ‘वळा’ म्हणाला असं होत नाही. हो येईपर्यंत नाक सरळ ठेवून चढत राहायचं आणि संधी मिळाली की विचारायचं. बाहेर पडल्यावरही टॉवरने सोडल्याशिवाय रेडिओवरची त्याची फ्रिक्वेन्सी बदलायची नाही.

“इतकं पाठ आहे, मग वळलीस कशी?” मी विचारलं.

“मला वाटलं, मिळालीय परवानगी.”

“कोणी दिली?”

“कोणीच नाही, पप्पा. पण मला वाटलं.”

मी म्हणालो, काळजी सोड. हे तर माझंच काम झालं. पुढचं स्टेशन लाइन क्लिअर देत नाही तोवर गाडी सोडायची नाही, हेच मी आयुष्यभर केलं. तरी कामशेत असो वा मळवली, माझ्या ड्यूटीत एक्सप्रेस गाडी कधी सिग्नलला ताटकळली नाही. कारण मी पुढचा रस्ता आधीच मोकळा करून ठेवायचो. ड्रायव्हरला लांबूनच हिरवा दिसला पाहिजे, त्याने शिट्टी मारून विचारायची वेळ येता कामा नये, हा माझा बाणा होता. तर उद्यापासून गच्चीवर सराव. मी टॉवर.

अपेक्षा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

५ नोव्हेंबर, बुधवार

गच्चीवर खडूने रनवे आखला. बिल्डिंगमधल्या बायकांनी चादरी वाळत घातल्या होत्या, त्या विनंती करून सरकवायला लावल्या. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा. हातात हिरवा झेंडा आणि लाल झेंडा, दोन्ही निवृत्तीच्या दिवशी स्टेशनवरच्या पोरांनी आठवण म्हणून दिलेले. अपेक्षा म्हणाली टॉवरकडे झेंडे नसतात. म्हटलं, या टॉवरकडे असतात.

ती रनवेच्या टोकाशी उभी राहून म्हणते, “टॉवर, मी तयार आहे.” मी म्हणतो, “वारा शांत. उड्डाणाला परवानगी. उडाल्यावर उजवीकडे वळायला परवानगी.” ती शब्द न शब्द परत म्हणून दाखवते, तसा नियमच आहे. मग दोन्ही हात जरा पसरून चालत निघते आणि पाण्याच्या टाकीपाशी आली की उजवीकडे वळून जिन्याच्या दिशेने जाते. खरं बोलणं इंग्रजीतून चालतं, पण मी म्हटलं आधी डोक्यात मराठीतून बसू दे.

आठ वेळा केलं. आठही वेळा बिनचूक. रुपाली वाळलेले कपडे काढायला वर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “चाललंय का उंटावरून शेळ्या हाकणं?” मी हिरवा झेंडा दाखवून तिला पुढे जायला परवानगी दिली.

रात्रीचं जेवण होईपर्यंत अपेक्षाच्या सरांना एक पत्र तयार करून ठेवलं. घडल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, पुढच्या तयारीचा तपशील, सगळं नीट. तिने फक्त खाली नाव टाकून पाठवायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बारा वेळा. चूक नाही. पोरगी हुशार आहे, शिकवणारा बरा हवा. ते पत्र तिने अजून पाठवलेलं नाही. विसरली असेल. मी पुन्हा आठवण केली तर “बघते” म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

लोहगडवाडीला गेलो, मी आणि अपेक्षा. गोरखकडे. गोरख माझ्या हाताखाली पॉइंट्समन होता, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा. आता गावातच गडाच्या पायथ्याशी टपरी टाकलीय, ताक, भजी, लिंबूसरबत. रविवार म्हणजे पुण्यामुंबईचं पब्लिक ढिगाने. तरी आम्हाला बघितल्यावर त्याने गिऱ्हाईक बायकोवर सोडलं आणि स्वतः बाकड्यावर येऊन बसला.

आधी गड चढलो. वर अपेक्षाने वाऱ्याकडे तोंड करून हाताने दाखवलं, समजा रनवे हा असा असेल तर पवना धरण उजवीकडे, म्हणजे मी तिकडे वळणार. मी लगेच म्हणालो, “उजवीकडे वळायला परवानगी.” ती म्हणाली, “पप्पा, मी अजून उडालेसुद्धा नाही.” आम्ही दोघंही हसलो. असा दिवस वर्षातून एखादा मिळतो.

खाली भजी खाताना गोरखला सगळं सांगितलं. मी कसा सराव घेतोय, कशी एकही चूक नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, “सायेब, एक बोलू का? राग न्हाई ना येनार?”

“बोल की.”

“तुमच्या ड्यूटीला गाडी कदी थांबली न्हाई, ते खरंच हाय. पर तुमची बदली झाली आन् नवं मास्तर आलं, ते टायमावरच सिग्नल द्यायचं. तवा ड्रायवर लोकांनी लय कावकाव केली. शिट्ट्या मारमारून कान किटवलं. तुमी रोज हिरवा दावल्यालं, त्यास्नी थांबायची सवयच न्हवती ऱ्हायली.”

मी म्हणालो, “बघ अपेक्षा. माणसाची किंमत तो गेल्यावर कळते ती अशी.”

गोरखने तिच्या कागदात आणखी दोन भजी टाकली आणि म्हणाला, “खा, ताई.” अपेक्षा परतीच्या वाटेवर जरा गप्प होती. चढून दमली असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

घसा बसला. लोहगडचा वारा, त्यावर गार ताक. आवाज म्हणून फुटत नाही. आजचा सराव बुडाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

घसा तसाच. सहा दिवस राहिलेले, सराव बुडवून चालणार नव्हतं. रुपाली शाळेतून आल्यावर तिला कागदावर सगळं लिहून दिलं आणि खुर्चीवर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहायला तयार नाही, बसूनच बोलेन म्हणाली. चष्मा खाली राहिलेला. कागद लांब धरून, जवळ धरून बघितला आणि खिशात घातला. अपेक्षा म्हणाली, “टॉवर, मी तयार आहे.” रुपाली म्हणाली, “वारा शांत. उडायला परवानगी.” आणि थांबली.

अपेक्षाने तेवढंच परत म्हणून दाखवलं. हात पसरले. चालत गेली. टाकीपाशी आली आणि उजवीकडे वळली.

“अगं, इकडे कुठे?” रुपाली म्हणाली. “मी कुठे सांगितलं वळायला?”

मी खुणा करून करून सांगत होतो की चूक रुपालीची, ओळ तिने गाळली. कागद दाखव म्हणून हात हलवत होतो. पण अपेक्षा टाकीशी तशीच उभी. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, “आई बरोबर आहे, पप्पा. त्या दिवशी हेच झालं. टॉवर फक्त उडा म्हणाला. पुढचं मीच ऐकलं.”

मग ती खाली बसली, रनवेवरच. “तुम्ही दर वेळी आधीच देता. मी मागत नाही. मागायच्या आधी तुमची परवानगी येऊन उभी असते. मला न मिळालेली परवानगी कशी असते तेच माहीत नाही.”

रुपाली म्हणाली, “कॉलेजचा फॉर्म कोणी भरला? वसतिगृहाच्या बाईंशी कोण बोललं? सरांना माफीचं पत्र कोणी लिहिलं?” हे ती अगदी शांतपणे म्हणाली, वर्गात हजेरी घेते तशी. “पोरीने कधी हात वर केलाय का, विचारू का म्हणून? तुम्ही करू दिलाय का?”

माझा आवाज बसलेला होता म्हणून ठीक. नाहीतर काहीतरी बोलून गेलो असतो. खाली येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोणाशी बोललो नाही. बोलता येतही नव्हतं. करायला जावं भलं तर हे असं. चार लोकांच्या मुली आहेत, त्यांच्या बापांनी फॉर्म भरले नाहीत का?

दुपारी गोरखला फोन लावला, मग आठवलं आवाज नाही. त्याला नुसतं हॅलो हॅलो करावं लागलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आवाज थोडा आला. संध्याकाळी मीच अपेक्षाला गच्चीवर चल म्हणालो. झेंडे घरी ठेवले. सांगितलं की पद्धत बदलतोय, ही पूर्ण तांत्रिक बाब आहे, बाकी काही नाही.

ती म्हणाली, “टॉवर, मी तयार आहे. उडाल्यावर उजवीकडे जायचंय.” दिशा आज तिने आपणहून सांगितली. मी म्हणालो, “वारा शांत. उड्डाणाला परवानगी.” आणि तोंड मिटलं.

हे लिहायला सोपं आहे. ती चालत निघाली, टाकीपाशी आली, आणि मला जिभेवर आलेलं गिळावं लागलं. तिची मान किंचित उजवीकडे गेली. पाय गेले नाहीत. टाकी मागे पडली. समोर कठडा आला तेव्हा तिने विचारलं, “टॉवर, उजवीकडे वळू का?” मी म्हणालो, “थांबा.” ती जागच्या जागी पाय हलवत राहिली, कारण विमान थांबत नाही. मी सावकाश वीस आकडे मोजले. इतके लांब वीस मी ड्यूटीतही मोजले नसतील. मग परवानगी दिली.

पुढच्या खेपेला मी परवानगी दिलीच नाही. पुढच्या खेपेला ती मागत असतानाच रुपालीने मध्ये बोलत राहायचं, म्हणजे रेडिओवर दुसरा पायलट गप्पा मारतोय असं. रुपालीने त्यात शाळेच्या पोषण आहारापासून शेजारच्यांच्या मांजरापर्यंत सगळं घातलं. अपेक्षा हसत हसत कठड्यापाशी पाय हलवतेय आणि तोंडातून ब्र काढत नाही. मध्ये घुसायचं नाही, वाट बघायची, रिकामी जागा मिळाली की विचारायचं.

बरं चाललं. घसा दुखतोय तो वेगळा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अपेक्षा गेली. मी तिकडपर्यंत सोडायला येतो म्हटलं असतं, पण घसा अजून पूर्ण बरा नाही, प्रवासात त्रास होतो. बॅग तिची तिने भरली. मोजे घेतलेस का हे विचारणार होतो, तेही घशामुळेच राहिलं.

रिक्षात बसताना तिने सांगितलं की सरांना पत्र तिने काल पाठवलं. तिचं स्वतःचं, चार ओळींचं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. रुपालीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पास.

जीव भांड्यात पडला. फोन साडेअकराला आला, तोवर मी घराच्या इतक्या फेऱ्या घातल्या की रुपाली शाळेतून फोन करून म्हणाली, बसा जरा.

सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तिने टॉवरला आधीच सांगितलं होतं की उजवीकडे बाहेर पडायचंय. टॉवरने नुसती उड्डाणाची परवानगी दिली. बाजूला मोठे सर, खिडकीबाहेर बघत बसलेले. ती उडाली. वळायची जागा आली, ती सरळ गेली. रेडिओवर कुणीतरी दुसरा लांबलचक बोलत होता. ती सरळच. तो संपल्यावर तिने विचारलं. टॉवर म्हणाला, थांबा. ती सरळच.

“भीती वाटली?” मी विचारलं.

“वाटली. जिथे जायचंय ते उजवीकडे मागे मागे जात होतं आणि आपण भलतीकडेच चाललोय असं वाटत होतं. पण वळले नाही.”

मग परवानगी आली. ती वळली. हद्दीच्या बाहेर पडल्यावर टॉवरने सोडलं, तेव्हा तिने फ्रिक्वेन्सी बदलली. सर तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “चला, आता विमान चालवू या.”

मी लगेच विचारलं, सोलो क्रॉस कंट्री कधी, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या रस्त्याने. मग ती म्हणाली, “पप्पा, ती तारीख मी सांगणार नाहीये. झाल्यावर सांगेन.” ती विचारत नव्हती. सांगत होती.

मला दहा गोष्टी बोलायच्या होत्या. एक बाप म्हणून, एक रेल्वेवाला म्हणून आणि आठ नुसत्याच. मी म्हणालो, “बरं.”

“फक्त बरं?” तिने विचारलं.

“बरं,” मी पुन्हा म्हणालो. यापुढे बोललो असतो तर सगळंच बोललो असतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज हवा स्वच्छ आहे. आज असेल का? फोन केला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गोरखकडे जाऊन आलो, एकटाच. पास झाली म्हणून पेढे दिले. तो म्हणाला, “आता एकलीच जानार व्हय ईमानानं?” म्हटलं, व्हय. “कवा?” म्हटलं, मला माहीत नाही. “सायबाला गाडीचा टाइम म्हाईत न्हाई,” त्याने बायकोला ओरडून सांगितलं, “हे लिवून ठेव.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली.

संध्याकाळी, रुपाली शाळेतून आल्यावर फोन आला. “झालं, पप्पा. गेले, उतरले, तिथे पोचल्याची सही घेतली, परत आले.” आवाज अगदी साधा, बाजारातून जाऊन आल्यासारखा. मग तिकडून एकदम हसायला लागली आणि थांबेचना. मीही हसलो. माझे डोळे भरले ते मी तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. रुपालीने फोन ओढून घेतला आणि ती तर सरळ रडलीच.

नंतर मी शांत बसून वेळा विचारून घेतल्या, ती सवय जाणार नाही. उड्डाण एक वाजून पन्नास. वर पोचली, सर्किट सोडलं, टॉवरने सोडलं, ते एक वाजून एकोणसाठ. म्हणजे दोन वाजता विमानात ती आणि आकाशात ती, बाकी कोणी नाही. कोणी तिला वळ म्हणणारं नाही, थांब म्हणणारं नाही.

मग मी आठवून बघितलं की दोन वाजता मी काय करत होतो. स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून लसूण सोलत होतो. रुपालीने शाळेत जाताना दोन गड्डे काढून ठेवले होते. रेडिओ लावलेला. एका पाकळीचं साल निघेना म्हणून मी त्याच्याशी भांडत होतो, आणि त्या पूर्ण अर्ध्या तासात मला अपेक्षाची एकदाही आठवण झाली नव्हती.